लोकहिताची वकिली : सल्ला कोणाला विचारावा?

ग्वाल्हेरहून एका मातेचे चार पानांचे पत्र आमच्याकडे आले आहे. अक्षर सुबक आहे. परंतु शेवटल्या पानावर ते घाईचे झाले आहे, आणि त्या घाईतच पत्राचे खरे कारण सापडते.

त्यांची थोरली कन्या बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षात आहे. शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढलेले आहे. वडिलांच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली असून धाकटा मुलगा यंदा बारावीला बसेल. उन्हाळ्याच्या सुटीत ही मुलगी एका वकिलांच्या हाताखाली महिनाभर जिल्हा न्यायालयात जात होती. त्या निमित्ताने तिला तुरुंगातील काही बंद्यांच्या प्रकरणांचे कागद पाहावयास मिळाले. त्यांत एक मजूर असा होता, की त्याला जामीन मंजूर होऊन दोन महिने लोटले तरी तो आतच होता. कारण त्याच्यासाठी जामीन राहणारा कोणी नव्हता. मुलगी घरी आली ती “मी हेच काम करणार” असे म्हणतच. वडील म्हणाले, “आधी नोकरी, आधी कर्ज, मग हवे तर जगाचा उद्धार.” तेव्हापासून जेवणाच्या वेळी बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत.

मुलीने महाविद्यालयातील नोकरीविषयक कक्षाकडे विचारणा केली. तेथील गृहस्थांनी सौजन्याने सांगितले, की कंपन्यांची आणि मोठ्या विधी-संस्थांची यादी आमच्याजवळ आहे. या कामाची यादी नाही. आता आई विचारते : “मुलीचे मन मोडावे की तिच्या वडिलांचे? आणि ज्या कामाची यादीच कोणाजवळ नाही, त्याचा सल्ला विचारायचा तरी कोणाला?”

या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर आधी द्यावे, असे आम्हांस वाटते. दुसरा सुटला, की पहिल्याची धार पुष्कळशी बोथट होईल. आजवर या घरात जो वाद झाला तो माहितीच्या अभावी झालेला आहे. मुलीला त्या कामातील दुःख दिसले, पण त्यातील जीवनक्रम दिसला नाही. वडिलांना कर्जाचा हप्ता दिसतो, पण त्या कामात पगार किंवा मानधन असते काय, हे ठाऊक नाही.

प्रथम हे समजून घ्यावे, की महाविद्यालयाच्या कक्षाजवळ यादी का नसते. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. मोठ्या कंपनीला पुढल्या वर्षी किती माणसे लागतील हे आधी कळते. म्हणून ती ठरल्या दिवशी महाविद्यालयात येते, मुलाखती घेते आणि निघून जाते. गरिबांच्या कामाचे तसे नाही. एखाद्या संस्थेत एकच जागा असते, आणि तीही अनुदान मंजूर झाल्यावर निघते. एखाद्या वकिलाला हाताखाली माणूस हवा असतो, परंतु तो त्याची जाहिरात देत नाही. सरकारी पदांच्या जाहिराती आपल्या वेळेने येतात. सारांश, कंपनीची नोकरी विद्यार्थ्याकडे चालून येते. या कामाकडे विद्यार्थ्याला चालत जावे लागते. यादी तयार मिळणार नाही, ती स्वतः करावी लागेल. त्यासाठी मुलीने एक दोनशे पानी वही घ्यावी. तिच्यात काय लिहावयाचे, ते आम्ही पुढे सांगत आहोत.

तत्पूर्वी वडिलांच्या मनातील एक समजूत दूर केली पाहिजे. गरिबांची वकिली म्हणजे कोणा दयाळू माणसाने फावल्या वेळी केलेले पुण्यकर्म, असे पुष्कळांना वाटते. एके काळी ते तसे होतेही. परंतु १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानात ३९-अ हा अनुच्छेद आला आणि दारिद्र्यामुळे कोणी न्यायाला मुकू नये, यासाठी मोफत विधी सहाय्याची व्यवस्था करणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९७८ मध्ये होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शिक्षा झालेल्या बंद्याला निकालाची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकील करण्याची ऐपत नसेल तर तो पुरविला गेला पाहिजे. पुढल्याच वर्षी, १९७९ मध्ये, बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांचे प्रकरण हुसैनआरा खातून या नावाने न्यायालयापुढे आले. वृत्तपत्रातील लेखांच्या आधारे कपिला हिंगोरानी या वकील भगिनींनी ती याचिका केली होती. ज्या गुन्ह्याचा आरोप आहे त्याला जेवढी शिक्षा होऊ शकली असती, त्याहून अधिक काळ काही जण खटला न चालताच आत होते, हे तीत उघड झाले. १९८३ मध्ये मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांविषयी पत्रकार शीला बरसे यांनी पाठविलेले पत्रच सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून स्वीकारले आणि अटकेतील स्त्रियांच्या संरक्षणासाठी व विधी सहाय्यासाठी निर्देश दिले.

या सर्वांचे फलित म्हणजे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम. तो ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अंमलात आला. त्यानुसार देशपातळीपासून तालुक्यापर्यंत प्राधिकरणे व समित्या उभ्या राहिल्या. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, अटकेत असलेल्या व्यक्ती आणि ठरीव मर्यादेखालील उत्पन्नाचे लोक यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क या कायद्याने दिला आहे. हक्क म्हटला की तो पुरविणारी माणसे आली. माणसे आली की पदे आली, मानधन आले, निवडीचे नियम आले. तेव्हा आपली कन्या वनवासाला निघालेली नाही. ती एका मान्यताप्राप्त क्षेत्राची वाट विचारीत आहे.

आपल्याकडे म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. ही म्हण ज्याला पायरी चढावी की नाही हे ठरविता येते त्याच्यासाठी आहे. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शंभरांत जवळजवळ शहात्तर, कच्चे कैदी होते. त्यांना कोणी विचारून कोर्टात नेलेले नाही.

आता सल्ला कोणाला विचारावा, हे पाहू. आमच्या मते पाच जणांना विचारावा.

पहिले, आपल्याच महाविद्यालयातील विधी सहाय्य केंद्राचे प्राध्यापक. विद्यापीठांत व विधी महाविद्यालयांत अशी केंद्रे उभी राहावीत आणि त्यांच्या कामावर देखरेख असावी, हे १९८७ च्या कायद्यातच अभिप्रेत आहे. काही ठिकाणी केंद्र दारावरच्या पाटीपुरतेच असते, हे आम्हांस ठाऊक आहे. तसे असल्यास मुलीने चार सोबती जमवून प्राध्यापकांना भेटावे आणि आठवड्यातून एक दिवस केंद्र उघडण्याची परवानगी मागावी. माजी विद्यार्थ्यांपैकी कोण या कामात आहे, हेही याच प्राध्यापकांना विचारावे. कक्षाजवळ नसलेली यादी पुष्कळदा एखाद्या शिक्षकाच्या स्मरणात असते.

दुसरे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. हे कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. तेथे लेखी अर्ज देऊन विधी स्वयंसेवक होण्याची इच्छा कळवावी. कायद्याच्या विद्यार्थ्यांना सनद मिळेपर्यंत हे काम करता येते. विधी स्वयंसेवक म्हणजे लोकांना कायद्याने काय मिळू शकते ते समजावून सांगणारा, अर्ज लिहून देणारा, त्यांना वकिलापर्यंत व कार्यालयापर्यंत पोहोचविणारा माणूस. जामीन मंजूर होऊनही आत राहिलेल्या ज्या मजुराने आपल्या कन्येची झोप उडविली, त्याच्यासारख्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी निर्देश दिले आहेत. जामीन मिळाल्यापासून सात दिवसांत बंदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, आणि सचिवांनी त्याच्या मदतीसाठी विधी स्वयंसेवक किंवा तुरुंगभेटीचे वकील पाठवू शकावेत. महिनाभरात जामीनकदबा भरला गेला नाही, तर न्यायालय आपण होऊन अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. असे असता तो मजूर दोन महिने आत का होता? कोणी कळविले नाही, की कळवूनही कोणी गेले नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधणे हाच या कामाचा पहिला धडा आहे. दुःख पाहून डोळे भरून येणे स्वाभाविक आहे. परंतु कोणता कागद कोणत्या टेबलावर अडला हे शोधून काढणारा माणूसच त्या दुःखाच्या उपयोगी पडतो.

तिसरे, खालच्या न्यायालयात रोज उभे राहणारे एखादे अनुभवी वकील. विधी शिक्षणाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे प्रत्यक्ष उमेदवारी, म्हणजे ज्याला आज इंटर्नशिप म्हणतात ती, करावी लागते. एका वर्षात ती सलग चार आठवड्यांपेक्षा अधिक नसावी, आणि खटले व अपिले चालविणाऱ्या वकिलांकडे एकदा तरी झालेली असावी, असाही नियम आहे. किमान दहा वर्षांचा अनुभव असलेले आणि सुटीत विद्यार्थ्यांना हाताखाली घेण्यास तयार असलेले वकील कोण, याची यादी राज्य वकील परिषदेने करावयाची, हेही त्याच नियमांत आहे. ती यादी महाविद्यालयाकडे व परिषदेकडे मागावी. मागितल्याशिवाय ती कोणी हातात ठेवणार नाही.

चौथे, आपल्याहून पाच-सात वर्षांनीच पुढे असलेले कोणी. नामवंतांचे भाषण ऐकून उत्साह वाढतो. पण खोलीचे भाडे कसे भागविले, हे त्यांना आता आठवत नसते. ते नुकते त्या वाटेने गेलेल्यालाच सांगता येते. असे लोक संस्थांमध्ये भेटतात. १९८१ मध्ये स्थापन झालेली लॉयर्स कलेक्टिव्ह, बंगळूरची अल्टर्नेटिव्ह लॉ फोरम, स्त्रियांना न्यायालयीन मदत देणारी मुंबईची मजलिस, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा तुरुंगातील बंद्यांसाठीचा ‘प्रयास’ हा प्रकल्प, ही काही परिचित नावे. आपल्या राज्यात, आपल्या भाषेत काम करणाऱ्या लहान संस्था शोधाव्या; त्यांचा पत्ता प्राधिकरणात किंवा जिल्ह्यातील समाजकार्य महाविद्यालयात लागतो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगही विद्यार्थ्यांसाठी प्रशिक्षण ठेवतो. कायदे कसे घडतात हे पाहण्याची आवड असेल, तर पदवीनंतर संसद सदस्यांचे साहाय्यक म्हणून सुमारे वर्षभर काम करण्याची पीआरएस या संस्थेची शिष्यवृत्तीही आहे.

पाचव्या सल्लागाराचा कोणी विचारच करीत नाही. तो म्हणजे स्वतः अशील. पोटगीच्या अर्जासाठी तीन वर्षे खेटे घालणाऱ्या एका बाईंना आम्ही एकदा विचारले, की वकिलांकडून आपली काय अपेक्षा होती? आम्हांला वाटले, त्या म्हणतील, मोठे भाषण करावे. त्या म्हणाल्या, “तारीख पुढे गेली तर आदल्या दिवशी कळवायला हवे होते. माझी त्या दिवसाची मजुरी तरी बुडाली नसती.” हे वाक्य मुलीने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

माणसे ठरली, तरी विचारावे कसे, हा प्रश्न उरतोच. “मला समाजकार्याची आवड आहे, तरी मार्गदर्शन करावे” अशा पत्राला कोणी उत्तर देऊ शकत नाही. त्यात उत्तर देण्याजोगे काहीच नसते. पत्र अर्ध्या पानाचे असावे. आपण कोणत्या वर्षात आहो, आजवर काय काम केले, त्यांचे कोणते काम आपल्या पाहण्यात आले आणि त्यांचा अर्धा तास कशासाठी हवा, एवढेच त्यात असावे. भेट मिळाली, की प्रश्न नेमके विचारावे. पहिल्या तीन वर्षांत दरमहा प्रत्यक्ष हाती काय येत होते? प्रथम कोणते काम स्वतंत्रपणे सोपविले गेले? गेल्या आठवड्यातील सहा दिवस कसे गेले? कोणती गोष्ट येत नसल्याने अडचण झाली? बरोबरीच्यांपैकी जे हे काम सोडून गेले, ते का गेले? आपण पुन्हा विद्यार्थी झालात, तर उमेदवारी कोणाकडे कराल? आणि शेवटी, मी आणखी कोणाला भेटावे? उत्तरे त्याच रात्री वहीत उतरवावी. आठवड्याच्या आत आभाराचे पत्र जावे, आणि चार महिन्यांनी सल्ल्याचे आपण काय केले तेही कळवावे. सल्ला देणाऱ्याला याहून अधिक काही नको असते, आणि पुढे जागा निघाली की त्याला हेच नाव आठवते. या कामाची दारे दाखवितो म्हणून पैसे मागणाऱ्यापासून मात्र दूर राहावे. वर सांगितलेल्या पाचांपैकी कोणाकडेही सल्ल्याचे शुल्क द्यावे लागत नाही.

उमेदवारीचे वीस आठवडे म्हणजे प्रत्येकी चार आठवड्यांचे पाच हप्ते. एक हप्ता आपल्या कन्येने केलाच आहे. उरलेल्यांपैकी एक प्राधिकरणात, एक स्त्रियांच्या किंवा कामगारांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेत आणि एक उच्च न्यायालयातील वकिलांकडे करावा. पाचवा मात्र तिने मुद्दाम एखाद्या कंपनीत किंवा मोठ्या विधी-संस्थेत करावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो. ज्या वाटेला नाही म्हणावयाचे, ती निदान पाहिलेली असावी. कदाचित तेथील शिस्त आणि मसुदा लिहिण्याची चोख पद्धत तिला इकडे उपयोगी पडेल. कदाचित तिचे मन बदलेल. मन बदलले तर त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

आता पैशाचा प्रश्न. वडिलांनी तो काढला म्हणून त्यांना कोणी कठोर म्हणू नये. हप्ता कोणीतरी भरलाच पाहिजे. शैक्षणिक कर्जाची परतफेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यावर सुमारे वर्षभराने सुरू होते. आपल्या कर्जाच्या कागदावर नेमकी काय अट आहे, ते बापलेकांनी एकत्र बसून वाचावे.

सनदेच्या खर्चाची भीती पूर्वीइतकी उरलेली नाही. राज्य वकील परिषदा नोंदणीसाठी वेगवेगळ्या नावांनी हजारो रुपये घेत असत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की कायद्यात लिहिलेल्या शुल्काहून अधिक रक्कम घेता येणार नाही; म्हणजे सर्वसाधारण उमेदवारांना ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना १२५ रुपये. मुद्रांक शुल्क आणि अखिल भारतीय वकील परीक्षेचे शुल्क निराळे.

नव्या वकिलाला ज्येष्ठांकडून काय मिळते? याचे उत्तर पुष्कळदा दुःखदायक असते. भारतीय वकील परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून सुचविले, की कनिष्ठ वकिलांना शहरी भागात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात किमान १५,००० रुपये विद्यावेतन दरमहा द्यावे. ही शिफारस आहे, सक्ती नव्हे. म्हणून कामाला लागण्यापूर्वीच विद्यावेतनाविषयी नम्रपणे, पण स्पष्ट विचारावे. त्यात संकोच धरणारी मुलेच पुढे कडवट होऊन काम सोडतात.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेने जिल्ह्याजिल्ह्यांत लोकअभिरक्षकांची कार्यालये सुरू झाली. फौजदारी खटल्यांत गरीब आरोपींचा बचाव करणारे हे पूर्णवेळ वकील होत. त्यांना मानधन मिळते आणि खाजगी प्रकरणे घेता येत नाहीत. मुख्य पदासाठी किमान दहा व उपमुख्य पदासाठी किमान सात वर्षांचा अनुभव लागतो. परंतु सहाय्यक पद शून्य ते तीन वर्षे वकिली केलेल्यांसाठीच ठेवलेले आहे. पद कंत्राटी असते, हे लक्षात घ्यावे. तरीही नव्या पदवीधराला पहिल्याच वर्षी न्यायालयात गरिबाच्या बाजूने उभे राहता येईल आणि महिन्याला ठरलेली रक्कम घरी आणता येईल, असा हा मार्ग आहे. प्राधिकरणाच्या वकीलसूचीत नाव येण्यासाठी सामान्यतः तीन वर्षांची वकिली लागते. पुढे सरकारी अभियोक्त्याचे किंवा न्यायाधीशाचे पदही याच अनुभवातून गाठता येते. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालाने पुन्हा घातली. अर्ज करतेवेळी त्या वेळच्या जाहिरातीतील अट पाहून घ्यावी. एकूण काय, सुरुवातीची तीन वर्षे ही या सर्व वाटांची देवडी आहे. त्या तीन वर्षांचा जमाखर्च मांडता आला, की अर्धी भीती ओसरते.

तो जमाखर्च वहीच्या शेवटल्या पानावर मांडावा. एका बाजूस हप्ता, खोली, प्रवास, जेवण, पुस्तके. दुसऱ्या बाजूस पाच सल्लागारांनी सांगितलेले खरे आकडे. तूट किती येते आणि ती किती काळ राहील, ते पाहावे. ती घराला झेपण्यासारखी असेल, तर वडिलांनी आपल्या तोंडाने तसे सांगावे. झेपण्यासारखी नसेल, तर मुलीने दोन-तीन वर्षे पगाराची नोकरी करून कर्ज हलके करावे आणि मग इकडे वळावे. हा मार्ग हलका नाही; परंतु पगाराची सवय पायांत बेडीसारखी अडकते, हे तो स्वीकारणाऱ्याने जाणावे. त्या काळात शनिवारचा दिवस विधी सहाय्य केंद्राला द्यावा. विनामूल्य काम करू इच्छिणाऱ्या वकिलांसाठी केंद्र सरकारची ‘न्याय बंधू’ ही योजना २०१७ पासून आहे, तीत नाव नोंदवावे. परतीची तारीख मात्र वहीत आजच लिहून ठेवावी.

कन्येसाठीही दोन शब्द. या कामात कीर्ती मिळवून देणारी याचिका क्वचित असते. रोजचे काम म्हणजे तारखा, नकला, दाखले आणि वाट पाहणे. महाडच्या चवदार तळ्याचा दिवाणी दावा डिसेंबर १९२७ मध्ये दाखल झाला. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः प्रतिवादी होते, आणि उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल लागावयास १९३७ साल उजाडले. सार्वजनिक तळ्याचे पाणी घेण्याचा माणसांचा हक्क न्यायालयात सिद्ध होण्यास दहा वर्षे लागली. एवढा धीर अंगी बाणवावयाचा, तर केवळ कळवळा पुरत नाही. कायदा पक्का यावा लागतो. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आहेत. त्यांतील नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, काही अपवाद वगळता, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला, की तो सुटकेस पात्र होतो. हे कलम अपवादांसकट ज्याला तोंडपाठ आहे, तो विद्यार्थी दहा दयाळू माणसांपेक्षा अधिक उपयोगी पडेल. तसेच आपण ज्या प्रदेशात राहतो तेथील बोली शिकावी. अशील आपले दुःख हिंदीत सांगेल, बुंदेलीत सांगेल; ते मराठी घरातल्या मुलीला त्याच्याच शब्दांत समजले पाहिजे.

मातेने मुलीच्या सुरक्षिततेविषयी पत्रात एक ओळ लिहून खोडली आहे. ती आम्ही वाचली. तुरुंगभेटी एकटीने करू नयेत, त्या प्राधिकरणाच्या परवानगीने आणि ज्येष्ठांच्या सोबतीने कराव्या. कोठे जात आहो ते घरी सांगावे. अशिलाला घरचा पत्ता देऊ नये. हे नियम चांगले ज्येष्ठ वकील पहिल्याच दिवशी सांगतात. जे सांगत नाहीत, त्यांच्याकडे उमेदवारी करू नये.

राहिला पहिला प्रश्न, मन कोणाचे मोडावे हा. आमची सूचना अशी, की वडिलांनी एक दिवसाची रजा काढून कन्येबरोबर जिल्हा न्यायालयात जावे. सचिवांच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर तासभर बसावे, कोण येते, काय विचारते, ते पाहावे. मग दोघांनी आवाराबाहेर चहा घ्यावा आणि वहीचे शेवटले पान उघडावे. त्या पानावर दोघांचे म्हणणे आकड्यांत लिहिलेले असेल, आणि आकड्यांविषयी बापलेकांना बोलता येते. सही-शिक्का तेथेच व्हावा असे नाही. मुलीच्या हाताशी अजून दोन वर्षे आहेत.

त्या मजुराचे पुढे काय झाले, हे पत्रात लिहिलेले नाही. मुलीने सर्वांत आधी ते शोधून काढावे. तो अजून आत असेल, तर प्राधिकरणाच्या सचिवांना आजच लेखी कळवावे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक १५१०० हाही त्यासाठीच आहे. हिवाळ्याच्या सुटीनंतर वहीत किती पाने भरली आणि तो माणूस घरी पोहोचला की नाही, हे आम्हांस अवश्य कळवावे. आम्ही वाट पाहू.